राहुकाळात कापलेला डोळा

जग आपल्या मनाबाहेर खरोखर आहे की नाही, याचा निकाल चेन्नईच्या वेलचेरीत आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रोज संध्याकाळी लागायचा आणि दुसऱ्या दिवशी फिरवला जायचा. मी खालच्या मजल्यावर, साताऱ्याहून बँकेच्या बदलीत आलेली. दमून घरी यावं आणि पाठ टेकावी, तर डोक्यावर तत्त्वज्ञान सुरू.

वर राहायच्या कमलिनी अक्का, वय एकाहत्तर, मुलींच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त, अविवाहित. सोबत धाकटे भाऊ गुरुराज, विधुर, एग्मोर स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. मी त्यांना मामा म्हणायची. दोघं तंजावरचे मराठी. त्यांचं मराठी ऐकताना वाटायचं, बखर वाचता वाचता कोणीतरी मध्येच तमिळमध्ये शिंकतंय.

अक्कांचं म्हणणं ठाम होतं. "आपण मानणें सोडलें तरी जें उरतें, तेंच आहे. राहू उरत नाहीं. म्हणून राहू नाहीं."

"शरी, बरें," मामा म्हणायचे. "मग रविवार दाखव. कोणीं मानला नाहीं तर रविवार कोठें आहे? तरी रविवारीं तुझें कॉलेज बंद होतेंच कीं."

यावर अक्का तासभर बोलायच्या. मामा ऐकायचे, मान डोलवायचे आणि शेवटी पुन्हा विचारायचे, "पण रविवार?"

मामा बोलून थांबणारे नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजचा राहुकाळ छापलेला असायचा आणि त्या दीड तासात मामा नवा साबणसुद्धा फोडत नसत. नेमकं त्या वेळेत गावाला निघायचं असलं, तर आधीच एक पिशवी माझ्या घरात आणून ठेवायचे. पिशवी निघाली म्हणजे प्रवास सुरू झाला, मागाहून माणूस कधीही निघो. माझ्या दिवाणाखाली मामांच्या पिशव्यांनी इतके प्रवास सुरू केले की मलाच तिकीट काढावंसं वाटे.

२००६ साली अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आधी उजव्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. दवाखान्यात तीन आठवडे तारीख नव्हती. फक्त बुधवारी सव्वाबाराची वेळ रिकामी होती. बुधवारी राहुकाळ बारा ते दीड. अख्ख्या चेन्नईला हे पाठ, म्हणून ती वेळ कायम रिकामी. अक्कांनी ती आनंदानं घेतली. "डोळाही होईल, सिद्धांतही होईल," म्हणाल्या.

मामांचा चेहरा उतरला. त्यांच्या आईचा डोळा एकसष्ट साली राहुकाळात कापला होता आणि तिला पुन्हा कधी दिसलं नाही.

"सुई नीट उकळली नव्हती, गुरू."

"इतर दिवशीं उकळत होते. त्याच दिवशीं कशी नाहीं उकळली?"

अक्कांनी ऐकलं नाही. मामांनी मला जिन्यात गाठलं. "क्षमा, तिचें वाचणें गेलें तर ती जगायची नाहीं. आणि ती नाहीं तर मी कोणाशीं बोलूं?" एवढं म्हणून ते कठडा धरून उभे राहिले. मला राग येत होता, पण त्या माणसावर येईना. मी रजा टाकली.

बुधवारी साडेअकराला दवाखान्यात पोचलो. मामा थेट चंद्रिका नावाच्या नर्सकडे गेले आणि हात जोडून तमिळमध्ये काहीबाही सांगू लागले. ती हसायलाच लागली. दर बुधवारी दीडपर्यंत डॉक्टर हत्याराला हातच लावत नाहीत, पेशंटच्या डोळ्यात थेंब घालायचे आणि वेळ काढायचा, हा तिथला शिरस्ता. डॉक्टर शेजारच्या खोलीत डबा उघडून दहीभात खात होते. मला दारातून लोणचंसुद्धा दिसलं.

मामांनी आणखी एक विनंती केली. ती खरी चूक.

थेंबांनी अक्कांची बाहुली विस्फारली, चष्मा काढून घेतला, दुसरा डोळा आधीच धुरकट. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या दृष्टीनं नव्हतंच. आत नेताना त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

चंद्रिका म्हणाली, "पावणेएक."

"क्षमा, खरें सांग."

माझ्या मनगटावर एक पस्तीस झाले होते. मामा अक्कांच्या मागे उभे राहून माझ्याकडे असे बघत होते की मी म्हणाले, "पावणेएकच."

ऑपरेशन झकास झालं. मग तीन आठवडे अक्कांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं. जुन्या विद्यार्थिनींना फोन गेले, "राहुकाळांत डोळा कापला, आणि बघ, राहूचा पत्ता नाहीं!" वाणी, इस्त्रीवाला, रिक्षावाला, कोणी सुटलं नाही. मामा रोज हरत होते आणि गोड हसत होते. इतकं गोड हसणाऱ्या माणसाचा अक्कांना संशय कसा आला नाही, देव जाणे.

चष्मा मिळाल्या दिवशी वाचायच्या हौसेनं अक्कांनी हाताला लागेल ते वाचलं. औषधाचं खोकं, विजेचं बिल आणि दवाखान्याचं कार्ड. कार्डावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ऑपरेशन सुरू, एक चाळीस.

आम्हा दोघांना समोर उभं केलं गेलं. मी खालमानेनं सगळं सांगितलं, दहीभातासकट.

अक्कांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "राहुकाळांत डोळा कापला, असें तीन आठवडे मी मनापासून मानलें, पण तसें झालें नव्हतें. मानल्यानें कांहींच झालें नाहीं."

मामा चाचरत म्हणाले, "म्हणजे... तूंच जिंकलीस?"

अक्कांनी आत जाऊन दार लावलं. दोन संध्याकाळी वरून आवाज आला नाही. मला शांत झोप लागायला हवी होती. लागली नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनी मला वर बोलावलं, साक्षीला. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची वेळ ठरवून त्यांनी चिठ्ठी आणली होती. बुधवार, सव्वाबारा. डॉक्टरांना गळ घालून या वेळी दहीभात नंतर खायला लावला होता. "खरोखर राहुकाळांत, अक्का. फसवणूक नाहीं," म्हणत त्यांनी चिठ्ठी पुढे केली.

अक्कांनी चिठ्ठी घेतलीच नाही. त्या मामांच्या हाताकडे बघत होत्या. कागद फडफडत होता आणि पंखा तर बंद होता.

"हा हात कधींपासून कांपतो?"

"असाच. वर्ष झालें असेल. बुधवार ठरल्यापासून जास्त."

"मला दिसला नाहीं."

"तुझे डोळे कोठें होते, अक्का?"

अक्कांनी तो हात चिठ्ठीसकट आपल्या दोन्ही हातांत धरला. "राहू नाहीं, गुरू. पण हें आहे. मीं पाहिलें नाहीं तरी होतें." मग माझं पेन मागून घेतलं, सव्वाबारावर काट मारली आणि लिहिलं, अडीच.

मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अक्का," ते म्हणाले, "नसेलही बरें का राहू. तूं म्हणतेस तर—"

"पोदुम! पुरे!" अक्का कडाडल्या. "तूंही असें म्हणालास तर मी उद्यां भांडूं कोणाशीं? मुकाट्यानें आहे म्हण."

मामांनी शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

"आहे," ते म्हणाले.