न गेलेल्या जिमची थकबाकी

मी आयुष्यात एकदाही जिममध्ये गेलेलो नाही, आणि तरीही जिमचे पैसे बुडवणारा इसम अशी अमेरिकेत माझी रीतसर नोंद झाली.

ही नोंद उजेडात आली आमच्या लेकीमुळे. सानिका नाटकांचं लाइटिंग डिझाइन करते. (इंजिनिअरच्या मुलीने शेवटी दिवे लावलेच, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यानंतर आठवडाभर मला स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.) या धंद्यात एक महिना जोरात, तर दुसरा ठणठणाट. तिने नेपरव्हिलमध्ये, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, छोटंसं टाउनहाउस पसंत केलं. बँक म्हणाली, सोबत आणखी कुणाची तरी सही हवी.

"आणखी कुणाची कशाला? बाप आहे ना!" मी छाती पुढे काढून म्हणालो. जन्मात एक बिल थकवलं नव्हतं हो मी! चार दिवसांनी बँकेतल्या बाईंचा फोन आला. मिस्टर रमेश कुलकर्णी यांच्या क्रेडिट रिपोर्टवर वसुलीची एक नोंद आहे. डब्लिन, ओहायो. जिमची थकबाकी. ही नोंद निघाल्याशिवाय कर्ज पुढे सरकणार नाही, आणि घर विकणारे महिनाअखेरपर्यंतच थांबतील.

"जिम?" बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि माझ्या पोटाकडे निरखून पाहिलं. "अहो, त्या बाईंना व्हिडिओ कॉल करा आणि नुसते बाजूला वळून उभे राहा. केस क्लोज!"

सानिका मात्र शांत होती. "बाबा, इट्स सिंपल. तुझ्या नावाच्या दुसऱ्या कुणाची तरी एन्ट्री तुझ्या फाइलमध्ये घुसलीये. ऑनलाइन डिस्प्यूट टाकूया. दहा मिनिटांचं काम. अँड प्लीज, कुणाला फोन करू नकोस. आणि काहीही पे करू नकोस! पे केलंस की ते तुझंच होणार."

आता सांगा, कॉम्प्युटरकडे तक्रार करून कुणाचं समाधान होतं का? माणसाने माणसाशी बोललं की सगळं सुटतं, अशी माझी ठाम समजूत. डिस्प्यूट टाकून सानिका रिहर्सलला गेल्या गेल्या मी डब्लिनशेजारच्या कोलंबसमध्ये राहणाऱ्या माझ्या मित्राला, बापटांना, फोन लावला.

"बापट, तुमच्याकडे कुणी रमेश कुलकर्णी आहे का हो?"

"कुठला हवाय? दोन आहेत. एक तबला वाजवतो, एक गणपतीत मोदकांचं बघतो."

"जिमला जाणारा."

पलीकडे बराच वेळ हसणं चाललं होतं. "मग मोदकवाला. जानेवारीत जायचा म्हणे. फेब्रुवारीत परत मोदकांकडे वळला."

मोदकवाल्या कुलकर्ण्यांना फोन केला तर त्यांना आनंदाचं भरतं आलं. "काय सांगता! तुम्हीही रमेश? अहो, मग फोनवर काय बोलायचं, शनिवारी जेवायलाच या!" नेपरव्हिल ते डब्लिन म्हणजे जवळजवळ दिवस मोडतो. पण म्हटलं, तोंडावर सांगितलेलं बरं. निघालो. वाटेत मी भाषणाची तयारी केली. "हे बघा कुलकर्णी, हे असं चालायचं नाही! आजच्या आज मिटवा!" वाटेतलं इंडियाना राज्य संपेपर्यंत माझा आवाज इतका चढला की बायको म्हणाली, "अहो, मी काय केलंय?"

दारात दोघं नवराबायको हात जोडून उभे. आत मसालेभात, भरली वांगी, मठ्ठा आणि चक्क घरी केलेली जिलबी! चौकशीत निघालं की त्यांची वहिनी आमच्या हिची लांबची मावसबहीण. झालं! मी तोंड उघडलं, "अं... ते तुमचं जिमचं जरा..." की पानात जिलबी पडायची. "अहो, संकोच करू नका, रमेशराव!" आता त्या भल्या माणसाला कसं सांगू, की मी ज्याचा संकोच करतोय ती जिलबी नाही!

परत निघालो तेव्हा माझ्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती.

"बोललात?" गाडीत बसताच बायकोने विचारलं.

"जेवताना कसं बोलणार?"

"मग जेवल्यावर?"

"जेवल्यावर तर मुळीच नाही. त्यांचं मीठ खाल्लं ना!"

"भीड ही भिकेची बहीण, असं उगाच नाही म्हणत," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून झोपली.

खरा पराक्रम पुढेच आहे. सोमवारी मी विचार केला, एवढा गोड माणूस, नात्यातला निघाला, त्याला चार पैशांवरून काय लाजवायचं? आपणच भरून टाकू. नोंद जाईल, नातं राहील, कुणाला पत्ताही लागणार नाही! वसुली कंपनीला फोन केला आणि पैसे भरले. तिथल्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "तर सर, हा अकाउंट तुमचाच ना?" तिचाही हिरमोड कशाला करायचा? मी म्हणालो, "यस, यस. तसंच समजा."

ती तसंच समजली. दोन दिवसांनी बँकेतल्या बाईंचा फोन सानिकाला आला. नोंद गेली नव्हती, उलट पक्की झाली होती! ग्राहकाने स्वतः पैसे भरले, अकाउंट आपला असल्याचं कबूल केलं, मग डिस्प्यूट कसला?

सानिका ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सोफ्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आय रिअली वॉन्टेड दॅट हाउस. मला तुमच्याजवळ राहायचं होतं." आपल्या मूर्खपणाची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

"आण तो फोन इकडे," बायको म्हणाली, आणि तिने थेट डब्लिनला लावला. "नमस्कार भावजी. जिलबी अप्रतिम होती. आता तुमच्या जिमचं बोलूया." एका दमात तिने सगळं सांगून टाकलं. मी लाजून बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो.

"अरे देवा!" पलीकडचा आवाज बाथरूमपर्यंत ऐकू येत होता. "अहो, मी जायचं बंद केलं म्हणजे मेंबरशिपही बंद झाली, असंच मी समजत होतो! रमेशराव एवढे आले, जेवले, मग बोलले का नाहीत?"

"तेच मी लग्नापासून विचारतेय," बायको म्हणाली.

माणूस खरोखर सज्जन. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीला गाठून थकबाकी आपली असल्याचं लेखी दिलं आणि भरून टाकली. माझे पैसे परत आले. सानिकाने त्यांचं पत्र जोडून पुन्हा डिस्प्यूट टाकला. (दहा मिनिटं लागली.) महिना संपायच्या आत नोंद निघाली, बँकेने माझी सही मानली आणि सानिकाला घर मिळालं. सह्या करताना माझे डोळे भरून आले, आणि ते ॲलर्जीमुळे आहे असं मी बँकेतल्या बाईंना सांगितलं.

वास्तुशांतीला डब्लिनचे रमेशराव सहकुटुंब आले. जेवणं झाल्यावर सानिकाने घराची जादा किल्ली काढली. मी हात पुढे केला. तिने ती आईच्या हातात ठेवली.

"नो ऑफेन्स, बाबा. कुणी प्रेमाने मागितली ना, की तू देऊन टाकशील."

मला रागच आला. बँकेने विश्वास ठेवला, आणि पोटची पोर ठेवत नाही? तणतणत अंगणात गेलो, तर कुंपणापलीकडून एक अनोळखी बाई हसून म्हणाल्या, "हाय! शिडी मिळेल का?" मी सानिकाची नवीकोरी शिडी त्यांच्या दारापर्यंत नेऊन पोचवली. त्या शिडी परत कधी देणार, हे विचारायची मला अजून भीड वाटते.