दहा स्क्रू आणि एक कागद

चिमटाताईच्या अंबाड्यात कायम एक चिमटा खोचलेला असायचा. केसांचा नव्हे. लॅपटॉपमधले बारीक स्क्रू उचलायचा, स्टीलचा, टोकदार. काम चालू असलं की हातात, संपलं की अंबाड्यात. एकदा ती तशीच एका लग्नाला गेली होती. सगळ्या फोटोंत तो नवरीच्या दागिन्यांपेक्षा जास्त चमकतो. तिचं खरं नाव धाकट्या भावाला माहीत होतं, पण तोही ते वापरायचा नाही.

दुकान जिन्याखाली होतं. आठ पावलं लांब, चार पावलं रुंद. शेजारी भावाचं झेरॉक्सचं दुकान. मधल्या भिंतीत एक खिडकी होती. त्या खिडकीतून चहा यायचा, टोमणे यायचे आणि पाठकोरे कागद यायचे.

कागदांचं कारण तिची एक रीत. मशीन उघडण्याआधी ती ते कागदावर ठेवायची आणि कडेकडेने पेन्सिल फिरवायची. मशीनचा आकार उमटला, की एकेक स्क्रू काढून त्या आकारात, जिथला होता तिथेच टोचायची. स्क्रू सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. एखादा इतरांहून लांब असतो, नखभराहूनही कमी फरकाने. तो चुकीच्या भोकात गेला तर खालच्या बोर्डात घुसतो. बोर्डावर केसाहून बारीक तांब्याच्या रेघा असतात. त्या तुटल्या की खेळ खलास. पंचवीस वर्षांत तिने असे किती कागद काढले त्याची गणती नाही.

"ताई, माझं दुकान तुझ्या स्क्रूंसाठी चालतंय," भाऊ म्हणायचा.

"मग चांगलं चालव की. परवाच्या कागदाची शाई हाताला लागत होती."

सुरुवातीच्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असायची. कपाटाचा खण ओढावा तशी बाहेर यायची. मशीन मेलं तरी माणसाचं सामान हाती लागायचं. पुढे मशीनं बारीक होत गेली. बॅटरी गोंदाने चिकटवलेली यायला लागली. मेमरी, डिस्क, सगळं एकाच बोर्डावर डाग देऊन पक्कं केलेलं. लोक यायचे आणि म्हणायचे, जागा वाढवून द्या. तिला नाही म्हणायची सवय नव्हती. हळूहळू लागली.

मागच्या वर्षी तिने बोलत्या बाईंनाही नाही म्हटलं होतं. आजारपणात ज्यांची वाचा गेली, त्यांना या बाई पुन्हा बोलायला शिकवायच्या. स्वतः मात्र मोजून बोलायच्या. म्हणून गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं होतं.

"यात जागा वाढेल?"

"नाही हो बाई. डाग देऊन बसवलंय सगळं. घेतलं तेव्हा जेवढी, तेवढीच जन्मभर."

"मग?"

"मग काहीतरी काढून टाका."

बाईंनी स्वतःचे फोटो काढून टाकले. बहिणीचं लग्न, एक जुनं घर, समुद्रावरची सहल. रेकॉर्डिंग ठेवली. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचा पहिल्या दिवसाचा आवाज त्या जपून ठेवायच्या.

यंदा त्या एका सोमवारी आल्या. बॅटरी फुगून मशीनचं पोट वर आलं होतं.

"शुक्रवारच्या आत हवंय," त्या म्हणाल्या. "बसचे एक कंडक्टर आहेत. सात महिने येतायत. आता खुणेने सांगतात, पुरे झालं, काही फरक नाही. शुक्रवारी शेवटचं येणार. माणसाला आपण किती पुढे आलो ते कळत नाही. पहिला दिवस ऐकवला की कळतं."

"दुसरीकडे प्रत नाही ठेवली?"

"ठेवते, ठेवते म्हणत राहिले."

चिमटाताईने नेहमीचं व्याख्यान द्यायला तोंड उघडलं. बाईंचा चेहरा पाहून मिटलं. "फुगलेल्या बॅटरीवर हे चालू करणं धोक्याचं आहे. आधी बॅटरी बदलते. चालू झालं की पहिल्यांदा प्रत काढू."

मंगळवारी सकाळी तिने मशीन समोर घेतलं. खिडकीतून भाऊ म्हणाला, "पाठकोरे संपलेत. कोरा देऊ?"

"राहू दे. दहाच तर स्क्रू आहेत. हे मॉडेल मी झोपेत उघडीन."

दहा स्क्रू तिने एका झाकणात टाकले. आठ आखूड, दोन लांब. बॅटरीखालचा गोंद दोऱ्याने हळूहळू कापला. जुनी काढली, नवी बसवली. सगळं सुरळीत झालं. तळ लावताना भाऊ एका गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होता. ती हसत होती. हसता हसता सातवा स्क्रू फिरवला. तो तळाशी किंचित अडला. तिने अर्धा फेरा जास्त दिला.

कट्.

आवाज इतका बारीक की भावाला ऐकूही गेला नाही. तिने तळ पुन्हा काढला आणि बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सुईच्या टोकाएवढं भोक. तीन रेघा तुटलेल्या. मशीन चालू होईना.

भाऊ खिडकीतून वाकून बघत होता.

"गेलं?"

"मी घालवलं."

"अगं, बॅटरी फुगली होती ना? तिनेच दाबला बोर्ड. असं होतंच. तूच मला दहा वेळा सांगितलंयस."

"होतं."

"मग तेच सांग. कोण येणार आहे भिंगातून बघायला? उलट बाईच म्हणतील, माझंच चुकलं, आधी आणायला हवं होतं."

तेच तिला सहन होईना. बाई खरंच तसं म्हणाल्या असत्या. तिने फोन उचलला.

बाई तासाभरात आल्या. चिमटाताईने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. आधी भिंगाशी नेलं. "हे भोक दिसतंय? हे मी पाडलं. लांब स्क्रू आखूड जागी घातला. बॅटरीचा काही संबंध नाही."

बाईंनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "आणि आतलं?"

"आतलं शाबूत आहे, पण बोर्ड उठल्याशिवाय हाती येणार नाही. कंपनीकडे दिलंत तर ते अख्खा बोर्ड बदलतील. मशीन नवं होईल, आतलं सगळं जाईल. इथे करायचं तर या रेघांवर तार जोडावी लागेल. उठेलच असं नाही. दुसऱ्या कुणाकडे न्यायचं असेल तर मी पत्ता देते."

"तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं?"

"नाही."

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. "मग तुम्हीच करा."

चिमटाताईने अंबाड्यातून चिमटा काढला. तार केसासारखी होती. तिने ती उचलली आणि चिमट्याचं टोक थरथरलं. पंचवीस वर्षांत थरथरलं नव्हतं. तिने ती खाली ठेवली, पुन्हा उचलली. पुन्हा तेच.

"श्वास कोंडून धरताय," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे येणारे सगळे तेच करतात. मोठ्याने बोला. काय करताय ते. श्वास सोडत सोडत."

"बोलू? काम करताना?"

"एकेक शब्द."

चिमटाताईला लाज वाटली. तरी ती म्हणाली, "तार... उचलते. आता... रेघेवर... टेकवते."

"वा, क्रिकेटची कॉमेंट्री!" खिडकीतून आवाज आला.

"तुम्हीही बोला," बाई न वळता म्हणाल्या, "पण त्यांचा श्वास सोडून झाल्यावर."

भाऊ गप्प झाला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पहिली तार बसली. दुसरी बसायला दुपार झाली. तिसरी रेघ मात्र एका चिपच्या पायाखालीच संपली होती. तिथे धरायला काही उरलं नव्हतं. ती चार्जिंगची रेघ.

"आता हे चार्ज होणार नाही," चिमटाताई म्हणाली. "नवी बॅटरी अर्धीमुर्धी भरलेली येते. तेवढ्यावर चाललं तर चाललं. आणि बोर्ड तापतोय, मध्येच बंद पडू शकतं. सगळं उतरवता येणार नाही. आधी काय?"

बाईंनी डोळे मिटले. मशीनमध्ये रेकॉर्डिंगचे दोन कप्पे होते. एकात पहिले दिवस, एकशे बारा माणसांचे. दुसऱ्यात नंतरचे महिने, अख्खी वाक्यं, हसणं, एका आजोबांनी म्हटलेलं गाणंसुद्धा.

"पहिले दिवस," त्या म्हणाल्या.

मशीन उठलं. बाहेरून एक वेगळी डिस्क जोडली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत राहिली. तिघंही तिच्याकडे टक लावून. पहिला कप्पा पुरा झाला तेव्हा भावाने टाळी वाजवायला हात उचलले आणि नुसतेच जोडून धरले. दुसरा कप्पा सुरू झाला. आजोबांच्या गाण्यापर्यंत पोचायच्या आत पडदा काळा झाला. मग पुन्हा कधी उजळला नाही.

"राहिलं ते?" चिमटाताईने खाली बघत विचारलं.

"ती माणसं बोलतायत अजून. पुन्हा रेकॉर्ड करीन." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आजोबा सोडून."

फाइली नीट उतरल्या का ते बघायला चिमटाताईने कंडक्टरची लावली. बाईंचा आवाज आला. "तुमचं नाव?" मग नुसता श्वास. कुठल्याशा घड्याळाची टिकटिक. मग "क... क..." आणि टेबलावर जोरात आपटलेला हात. संपलं.

शनिवारी बाई पुन्हा आल्या. त्यांना दुसरं मशीन हवं होतं. चिमटाताईने मांडणीवरून एक जुनं, जाडजूड उतरवलं. तळाला एकच खटका. तो दाबला की डिस्क खणासारखी बाहेर.

"जड आहे," ती म्हणाली. "दिसायलाही काही खास नाही."

"जागा वाढते?"

"हवी तेवढी. घरच्या घरी बदलाल. येऊसुद्धा नका माझ्याकडे."

"दाखवा उघडून."

चिमटाताईने खिडकीकडे हात केला. "कागद दे."

आज भाऊ खिडकीत नव्हता. तो ताईच्या दुकानाच्या दारात येऊन मधोमध उभा होता. त्याच्या काखेत कागदांचा नवा गठ्ठा होता, अजून न फोडलेला. "पाठकोरे नाहीत," तो म्हणाला. "हेच घे. रोज घे."

त्याच्या मागून कुणीतरी घसा साफ केला. खाकी शर्टातला एक उंच माणूस आत येऊ बघत होता. दार अडलेलं होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, श्वास सोडला.

"पुढे... सरका."

भाऊ पुढे सरकला.