आमच्या घरच्या इन्स्पेक्टरनं शाळा तपासली

माह्या पोराच्या, सुगतच्या, बापाचं नाव देवीदास. मी कधी तोंडानं घेत नाई, तुम्ही लिहून घेऊन राहिले म्हणून एकदा सांगितलं. माणूस वाईट नाई. दारू नाई, पत्ते नाई, माह्यावर कधी हात उचलला नाई. पण शंका! बाप्पा, काय सांगू. भाजीच्या ठेल्यावर एकेक भेंडी मोडून पाह्यतील. दुधाचा थेंब नखावर घेऊन पाह्यतील. मी भात झाला म्हणलं तरी झाकण काढून शीत दाबतील, तवाच ताटावर बसतील.

एकतीस वर्सं त्याईनं भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये रेल्वेचे रूळ तपासले. बनवणारा म्हणे माल एकदम बढिया, हे म्हणत पहिले मी पाहीन. तिथला एक नियम त्याईनं घरी आणला. ज्यानं माल बनवला त्याच्या हातचा नमुना घ्यायचा नाई. नमुना आपण निवडायचा, अन् चाचणी होते तवा मशीनपाशी स्वतः उभं राहायचं. सुगतसाठी आम्ही भंडाऱ्याकडे पोरगी पाहाले गेलो, तं तिनं आणलेला चहा तसाच ठेवून हे शेजारच्या घरी चौकशी कराले गेले. माह्या तोंडाले निरा काळं फासलं. नशीब, सून चांगली निघाली अन् तिनं राग धरला नाई.

रिटायर झाल्यावर आम्ही भिलाईतच कोहक्यात राहाले आलो. सुगत भिलाई-३ ले रेल्वेत आहे, सूनही कामाले जाते, म्हणून नात संघमित्रा दिवसभर आमच्यापाशी. तिसरीत आहे, जवळच्याच सरकारी शाळेत.

मागच्या वर्षी सगळ्या राज्यात सरकारी शाळांची जाँच झाली. बाहेरचा माणूस शाळेत येते, लेकरांकडून वाचून घेते, वजाबाकी करून घेते, अन् त्याच्यावरून शाळेले ग्रेड भेटते. आमच्या शाळेले पहिला ग्रेड भेटला. फाटकावर मोठा बोर्ड लागला. संघमित्राच्या कार्डावर लिहून आलं, वाचन उत्तम.

झालं. यांच्या डोक्यात किडा शिरला. कारण रोज दिवेलागणीले हे तिले समोर बसवत, चष्मा लावत, पुस्तक उघडून देत अन् हातात पेन्सिल धरून बसत. पोरगी ब्र काढत नसे. एक ओळ नाई, एक शब्द नाई. या पोरीले उत्तम, मंग बाकीच्यांचं काय असंल, असं त्याईचं म्हणणं. नीतू मॅडमनं, म्हणजे तिच्या मास्तरनीनं, उत्तरं आधीच पढवली असतील. नाईतं हिच्या जागी दुसरीच पोट्टी बसवली असंल. जेवताना तेच, चहा पेताना तेच.

मले ठाऊक होतं, पोरीले वाचता येते. दुपारी माह्या मांडीवर डोकं ठेवून ती गोष्टी वाचून दाखवते. पुस्तकं हिंदीत असतात, पण इतकी वर्सं इथं काढल्यावर हिंदी कोणाले समजत नाई? मी मात्र शाळेत गेली नाई. अक्षर ओळखत नाई. तं पहिल्यांदा मलेही शंका आली. या माणसाची संगत आहे, लागणारच. म्हणलं, पोट्टी मनानं रचून सांगत असंल तं? मी एका पानाले गुपचूप हळदीचं बोट लावलं अन् आठ दिवसांनी तेच पान काढून दिलं. शब्दन् शब्द तोच. मंग म्हणलं, पाठ असंल. शेजारच्या मारोतरावाच्या घरून लग्नाची पत्रिका आली होती, ती हातात दिली. त्या घरातली माणसं मले सगळी ठाऊक. एक नाव चुकलं नाई.

हे सारं मी यांना सांगितलं. मले वाटलं, खुश होतील. हे हसले.

"गिरजे, तुले वाचता येते का? मंग तिनं बरोबर वाचलं का चूक, तुले कसं समजलं?"

रडू आलं, पण तव्यावर पोळी होती, ती उलटवली.

मंग त्याईनं शिक्षण विभागाले अर्ज लिहिला. दोन पानं, हिंदीत. तीन दिवस लिहून राहिले होते. काय लिहिलं विचारलं तं म्हणे, शाळेचं आहे, तुले काय करायचं.

महिन्याभरात खबर आली, फेरतपासणी होणार. शाळेत सगळे बोलून राहिले का पहिला निकाल खोटा निघाला तं नीतू मॅडमले दूर अहिवाऱ्याकडच्या कोणत्या तरी शाळेत पाठवतील, अन् तिच्या नावाले डाग लागंल तो वेगळाच. संघमित्राच्या कानावर गेलं. ती पहिलीपासून त्याच मॅडमपाशी शिकली. माह्या पदराले धरून विचारे, आजी, मॅडम जाईल का? मी काय सांगू?

तपासाले एक तरणा साहेब आला, हातात टॅबलेट. यांनी आधीच लिहून दिलं होतं का लेकरं मी निवडीन अन् वाचताना मी हजर राहीन. साहेबानं मानलं. कटकट नको म्हणून मानलं असंल. वऱ्हांड्यात टेबल लावला. नीतू मॅडमले दूर नळापाशी उभं केलं, इशारा करू नये म्हणून. मी पोरीले घेऊन गेल्ती, तिथंच भिंतीले टेकून बसली.

यांनी तीन लेकरं निवडली, तिसरी आपलीच नात. अन् स्वतः लेकराच्या मागं हात बांधून उभे. पहिला पोट्टा चार शब्दांवर अडखळला, मागं वळून यांच्या तोंडाकडे पाह्यलं, अन् बंदच पडला. दुसरीचं तेच. संघमित्रा तं वाचायचं कार्ड हातात धरून मान खाली घालून उभीच. साहेबानं दोनदा सांगितलं, पढ़ो बेटा. काही नाई. नळापाशी मॅडमचा चेहरा पार उतरला. अन् हे मान हलवून राहिले होते, जसा माल रिजेक्ट झाला.

साहेब टॅबलेटवर बोट ठेवणार, तवा मी उठली.

"साहेब, ह्याईले फाटकाबाहेर पाठवा. मंग विचारा लेकराइले."

हे भडकले. साक्षीदाराले हटवता येत नाई म्हणे. साहेबानं पोरीले विचारलं, दादाजी मारतात का? ती हळूच बोलली, "मारते नहीं. गलती पकड़ते हैं."

साहेबानं यांच्याकडे पाह्यलं. हे फाटकाबाहेर गेले.

अन् पोरीनं वाचलं ना, घडाघडा. ते दोघंही वाचाले लागले. फाटकातून यांचा आवाज आला का कार्ड पहिल्या जाँचचंच आहे, पाठ करून घेतलं असंल. साहेबाचं डोकं सटकलं. त्यानं फाईलमधून दोन कागद काढले अन् संघमित्राच्या हातात दिले. म्हणे, हे तं कोणी पाठ करून घेतलं नसंल.

ते काय होतं, मले कसं समजंल? हे फाटकातून धावत आले, ते नको म्हणत. पण अक्षर मोठं, सुटं होतं, पोरगी सुरू झाली होती, अन् मॅडमसाठी वाचून राहिली होती.

"मेरी पोती संघमित्रा एक अक्षर भी नहीं पढ़ सकती." ती थांबली नाई. "घर में उसकी दादी कहती है कि बच्ची पढ़ती है. परंतु दादी अनपढ़ है, उसकी बात का कोई भरोसा नहीं."

मंग थांबली. माह्याकडे पाह्यलं. एकोणचाळीस वर्सं मी या माणसाचा संसार केला. तिन्ही शिफ्टचे डबे केले, त्याच्या मायचं अखेरपर्यंत केलं. अन् हे त्यानं सरकारी कागदावर लिहून दिलं. मले लाज नाई वाटली. संताप आला.

"वाच माय," मी म्हणलं. "सहीपर्यंत वाच."

तिनं वाचलं. पूर्ण नावासकट.

पहिला निकाल कायम, असं साहेबानं मॅडमले बोलावून सांगितलं. मॅडमनं पोरीले कवटाळलं अन् रडली. हे आपला अर्ज वापस मागाले लागले. साहेब म्हणे, आता तो रेकॉर्डमध्ये गेला, भेटत नाई. मंग हे बोलले, "तं त्याच्याखाली लिहा, का तिची गोष्ट खरी होती."

कोणाची, साहेबानं विचारलं.

"माह्या बायकोची."

साहेबानं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, अन् साक्षीदार म्हणून माह्यासमोर कागद अन् शाईचा डबा सरकवला. मी अंगठ्याले शाई लावली. हे आपल्या आदतीनं माह्या मागं येऊन वाकले, अंगठा बरोबर जागी लागते का पाहाले.

मी म्हणलं, "तुम्ही फाटकाबाहेर जा."