जठारपेठेला कळविण्यात येते की

माझ्या साडभाऊंना देवानं सगळं काही दिलं, फक्त खासगी असं काही दिलं नाही. गोष्टी पोटात ठेवायला माणसाला जी जागा लागते, ती त्यांच्या बाबतीत बांधायचीच राहून गेली. जे आत जातं ते थेट भोंग्यातून बाहेर. हा भोंगा खराखुरा आहे. अकोल्यात ऑटोवर दोन भोंगे बांधून गल्लोगल्ली पुकारा करत फिरणं हाच त्यांचा धंदा. एक हात हँडलवर, दुसऱ्यात माईक, आणि तोंडात साड्यांचा सेल, उद्या नळ न येण्याची सूचना, डोळे तपासणीचं शिबिर, कोणाची शोकसभा नाहीतर कोणाची हरवलेली म्हैस. हल्ली बाकीचे लोक एकदाच रेकॉर्ड करतात आणि दिवसभर वाजवतात. साडभाऊ त्याला शिळी भाकर म्हणतात. गिऱ्हाइकानं फारच हट्ट धरला तर एखादं रेकॉर्डिंग ठेवतात, पण ते वाजत असताना स्वतःच्याच ऑटोत तोंड फिरवून बसतात.

साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, आणि या नात्याची मजा अशी की ते दोन्हीकडून सारखंच. मी त्यांना साडभाऊ म्हणतो, ते मला साडभाऊ म्हणतात. मी अमरावतीला, ते अकोल्यात जठारपेठेत. फोन आपला रिवाज म्हणून करायचा. त्यांनी अंगणात उभं राहून हाक मारली तर ती वाटेतल्या मूर्तिजापूरपर्यंत सहज पोचेल, पुढचं मी मूर्तिजापूरच्या लोकांना विचारून घेईन.

कुजबुजणं म्हणजे काय हे त्यांना ऐकून माहीत आहे. एकदा आम्ही माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे झाले, मुलीचे वडील पाणी आणायला आत गेले, तसे साडभाऊ माझ्या कानाशी लागून, त्यांच्या मते अगदी हळू, म्हणाले, "पोरगी सोन्यासारखी हाय, साडभाऊ. बापाचं मातर काई खरं नाई." आतून बापाचा आवाज आला, "काहून, काय झालं बाप्पा?" तरी सोयरीक जमली. मुलीचा बाप म्हणाला, एवढं तोंडावर बोलणारे सोयरे मागून तरी काही बोलणार नाहीत. घरातही तोच थाट. सकाळी न्हाणीघराच्या दारात उभं राहून, "कुटुंबातील तमाम सदस्यांना कळविण्यात येते की पाणी तापलेलं हाय!" तमाम सदस्य म्हणजे एकट्या अक्का. अक्का त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या इतक्या कमी बोलतात की आमचा एक भाचा लहानपणी त्यांना मुक्या समजत असे. अर्थात, या घरात दुसऱ्या कोणाला बोलायला फट होतीच कुठे?

दारूही ते अशीच भोंगा लावून प्याले. चोरून पिणं, वर बडीशेप चघळणं, मागच्या दारानं घरात शिरणं हे प्रकार त्यांना कमीपणाचे वाटत. "आज थोडी झाली, राजेहो!" असं चौकात जाहीर करूनच ते घराकडे वळत. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग हात थरथरतो म्हणून सकाळी ऑटो काढायच्या आधी. आम्ही सगळे हसायचो. आपल्याकडे पिणाऱ्याचा आवाज चांगला असला की लोक त्याला बेवडा म्हणत नाहीत, कलाकार म्हणतात.

मग तो दिवस उजाडला. त्या दिवशी त्यांच्याकडे दोन पुकारे होते. एका शेठच्या कापडाच्या नव्या दुकानाचं उद्घाटन, आणि पेठेतल्या एका वयोवृद्ध गृहस्थांची शोकसभा. साडभाऊ सकाळपासूनच रंगात. त्यांनी दोन्ही पुकारे त्या गोड, भरदार आवाजात अदलाबदल करून केले. वारलेल्या गृहस्थांच्या शुभहस्ते भव्य उद्घाटन झालं, आणि जिवंत शेठला देवाज्ञा झाली. दुपारपर्यंत दुकानासमोर गर्दी. काही जण हार घेऊन आलेले, आणि हाराची सोय अशी की तो दोन्ही कामांना चालतो. शेठ फीत कापायला कात्री घेऊन उभे, आणि बाया त्यांना पाहून "अगं माय!" करत मागं सरताहेत. मी ही गोष्ट इतक्या मैफलींत सांगितली आहे की विचारू नका. मैफलीत मी इथंच थांबतो. खरी गोष्ट इथं थांबत नाही. संध्याकाळी शेठची म्हातारी आई गावाहून आली. तिच्यापर्यंत फक्त मरणाची बातमी पोचली होती. मुलगा समोर उभा दिसत होता, तरी तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. ती दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपत राहिली. कपाळ, नाक, गाल, पुन्हा कपाळ. साडभाऊंच्या वतीनं माफी मागायला आलेल्या अक्का तिथंच कोपऱ्यात उभ्या होत्या.

घरी येऊन अक्का एवढंच म्हणाल्या, "अमरावतीले भरती व्हा. नाईतं मले माहेर हाय अजून."

अमरावतीत, भातकुलीच्या रस्त्याला, शेतांच्या कडेला एक व्यसनमुक्ती केंद्र आहे. दारू एकाएकी तोडली तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा आत राहूनच औषधपाणी करा, असं डॉक्टरांनी बजावलं. नातेवाइकांनी ताबडतोब बैठक घेऊन लोकांना काय सांगायचं ते ठरवलं: डोळ्याचं ऑपरेशन. साडभाऊ म्हणाले, "डोळ्याले काय धाड भरली माया?" आणि निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी ऑटो काढला. मी न्यायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं.

"जठारपेठेतील तमाम बंधुभगिनींना कळविण्यात येते की, आपला नेहमीचा भोंगेवाला दारू सोडण्यासाठी आज अमरावतीले भरती होऊन राह्यला आहे! परत आल्यावर कोणीही त्याले 'थोडी घे' म्हणू नये! म्हणल्यास, मले मालूम नोतं, ही सबब ऐकून घेतली जाणार नाही! शेठच्या मातोश्रींची हात जोडून माफी!"

अक्का घरात दार लावून बसल्या होत्या. मी आधी शरमेनं लाल झालो, आणि ऑटो वळणापर्यंत जाईतो माझी छाती फुगली. अहो, माणसं साधी मूळव्याध लपवतात!

केंद्रात पहिले काही दिवस मात्र मला माझे साडभाऊ ओळखू येईनात. सलाईन लावलेलं, अंगाला घाम, हातांना असा कंप की पाण्याचा पेला ओठांपर्यंत पोचेपर्यंत निम्मा गादीवर. भिंतीवर नसलेल्या मुंग्या ते मला दाखवत. मग हळूहळू औषधं लागू पडली, भूक आली, आणि भुकेमागून आवाज आला. पुढच्या रविवारी मी फाटकाशी पोचलो तर आतून ऐकू येत होतं, "वॉर्डातील तमाम दारुड्यांना सूचित करण्यात येते की चहा आलेला असून बिस्किटं मोजकीच आहेत!" एक एसटी ड्रायव्हर, एक ग्रामसेवक, एक कॉलेजचे प्राध्यापक, सगळे शिस्तीत रांगेत. प्राध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "इथे आल्यापासून मला कोणी पहिल्यांदाच 'तमाम'मध्ये धरलं."

तिथल्या समुपदेशक मॅडम मात्र फसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मला सांगितलं, "हे सगळ्यांशी बोलतात, पण कोणाचं ऐकत नाहीत. यांच्या मिसेसना बोलवा." केंद्रात कुटुंबाची बैठक असते. तिचा नियम असा की घरच्यांनी बोलायचं, आणि पेशंटनं तोंड मिटून ऐकायचं. नियम ऐकून साडभाऊंचा चेहरा सलाईनच्या दिवसांत होता तसा झाला. "किती वेळ, मॅडम?"

"त्या थांबेपर्यंत."

"ती तं बोलतच नाई काही," साडभाऊ खुशीत म्हणाले. "दोन मिनिटांत मोकळे होऊ."

मी दारापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. अक्कांनी पदर सावरला. मग त्यांनी सुरुवात केली आणि त्या थांबल्याच नाहीत. भांडणं, शिव्या, यातलं त्यांनी काहीच काढलं नाही. कोपऱ्यावर ऑटो वळतो त्या आवाजावरून आज किती झाली हे त्यांना कसं कळतं, ते सांगितलं. कळल्यावर त्या आधी गॅस बंद करतात, मग दार उघडतात, हे सांगितलं. साडभाऊंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मॅडमनी बोट वर केलं. "त्या म्हातारीनं पोराचं तोंड चाचपलं ना," अक्का म्हणाल्या, "तवा साऱ्यायले नवल वाटलं. मले नाई वाटलं. मी रोज चाचपते. तुमी निजले की नाकाशी हात धरून पाह्यते, श्वास हाय का. साऱ्या अकोल्यानं तुमचा आवाज ऐकला. माहा आवाज तुमी कधी ऐकला का?"

आता बोलायची परवानगी होती. पण त्या दिवशी वॉर्डात चहाचा पुकारा झालाच नाही. चहा निवून गेला तेव्हा लोकांना कळलं की तो आला होता.

ते बरे होऊन घरी गेले, अशा ओळीवर मला ही हकिकत संपवता आली असती. काही महिने गेलेही तसेच. मग एका लग्नात ते स्वागताचा माईक सांभाळायला गेले, आणि ज्यानं तो जठारपेठेतला पुकारा कान देऊन ऐकला होता त्यानंच पेला पुढं केला. "एकानं काय होते बे?" व्हायचं ते झालं. अक्कांना ते कोपऱ्यावरच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन आला. पहिली गाडी धरून मी अकोला गाठलं. साडभाऊ ओट्यावर बसले होते. हातात माईक होता, पण तो तोंडाशी जाईना. मला पाहून म्हणाले, "साडभाऊ, मले जमून नाई राह्यलं. कोणत्या तोंडानं सांगू?"

आतून अक्का आल्या. कपड्यांची पिशवी त्यांनी ऑटोत ठेवली. "काल मनात आलं होतं, की जाव माहेरी," त्या म्हणाल्या. "पण तुमी रात्री मलेच सांगतलं, काही लपवलं नाई. द्या इकडं." आणि नवऱ्याच्या हातातून माईक घेऊन त्या मागच्या सीटवर बसल्या. कोणतं बटण कशाचं हे त्यांना काय ठाऊक! त्यांनी जे दिसलं ते दाबलं, आणि अख्खी पेठ दणाणली, "साड्यांचा महासेल! आज शेवटचा दिवस!" दोन बाया खरंच दारात आल्या. मग खरखर झाली, आणि त्या भोंग्यातून कधी न ऐकलेला एक बारीक आवाज आला.

"ऐका. मी भोंगेवाल्याची बायको बोलून राह्यली. काल यायनं घेतली. आज आमी दोघं परत अमरावतीले चाललो. घरी विचाराले कोणी येऊ नका. परत आल्यावर चहाले या."

"माईक जरा दूर धर," पुढून साडभाऊ म्हणाले, "शिट्टी मारते तो."

"तुमी समोर पाहून चालवा."

शेजारची म्हातारी कठड्यावर वाकून ओरडली, "जा बाई, घराकडे ध्यान ठेवतो आमी!" मी मागं, पिशवीशेजारी, कसाबसा बसलो होतो. आजवर अनेक वरातींत मी मिरवलो आहे, पण अशा थाटानं कुठंच नाही.

या गोष्टीलाही आता बरेच दिवस झाले. मधे मी अकोल्याला गेलो, तेव्हा साडभाऊ शेवग्याच्या शेंगा आणायला बाहेर गेलेले आणि अक्का ओट्यावर गवार निवडत बसलेल्या. धीर करून मी विचारलं, "अक्का, आता भीती नाही ना वाटत?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "रोज वाटते. आता शेंगा आणाले इतका वेळ काहून लागला, म्हणून वाटूनच राह्यली." त्यांनी गवारीची एक शीर ओढून टाकली. "पयले मी ते मनातच ठेवत होती. आता त्यायले तोंडावर सांगते, की मले भेव लागते. तं ते म्हणतेत, मलेबी."

कोपऱ्यावर ऑटो वळला. अक्कांचे हात थांबले. त्यांनी मान किंचित कलती करून तो आवाज पुरता, शेवटपर्यंत ऐकला, आणि मग पुन्हा गवार निवडायला घेतली.