कानटोपीतली अंडी

गंगापूरच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून मी दोनदा मार खाल्ला, अन् त्याच नकलांवर युरोप पाहिला. मामाचं वाळूजला वर्कशॉप आहे. त्याला जर्मनीत एक मशीन बघायचं होतं. म्हणला, "भाच्या, चल. तुला इंग्रजी येतं. अन् गाडीत नकला कर, टाइमपास होईल."

मशीन एका दिवसात बघून झालं. पुढं पाच दिवस भाड्याची गाडी. "पॅरिस तर समदेच बघतात बे," म्हणत मामानं स्लोव्हेनियातली अशी गावं काढली की तिथं आमच्याशिवाय कुणी पाहुणाच नाय.

गावं चकाचक. घाण सगळी आमच्या गाडीत. मामा रोज नाश्त्यातली उकडलेली अंडी गुपचूप कानटोपीत भरायचा अन् टोपी पुढच्या काचेपाशी उन्हात ठेवायचा. तिसऱ्या दिवशी एक अंडं फुटलं. मामानं टोपी झटकली अन् सरळ डोक्यात घातली. कानावर पिवळं चिकटलेलं, हीटर फुल, काच उघडू द्यायची नाय.

"मामा, ओकारी येतीय मला."

"मग पुढं बघ. मागं काय बघतो!"

मागच्या सीटवर त्यानं बाजारातून घेतलेलं चीज होतं. भिजल्या बुटाचा वास.

त्याच दिवशी एका म्हातारीच्या घरी दोन दिवसांसाठी उतरलो. एक पाय ओढत चालायची. इंग्रजी तोडून तोडून, "यू... ईट... मोर?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्याच स्वयंपाकघरात मामा म्हणला, "आजीची कर ना."

केली. पाय ओढला, मान हलवली, "यू... ईट... मोर?" मामा हसून हसून खोकायला लागला. मला चेव आला, मी पाय अजून घासला. मग मामा माझ्या मागं दाराकडं बघायला लागला.

दारात ती उभी. हातात आमच्यासाठी सूपचं भांडं.

तिनं भांडं टेबलावर ठेवलं अन् गेली. या वेळी भिंत धरून, लई हळू, पाय उचलून ठेवायला बघत होती. उचलत नव्हता.

सकाळी ती खाली आलीच नाय. टेबलावर कागदात बांधलेली सहा अंडी, सोबत मिठाची पुडी. म्हणजे आधल्या सकाळची चोरी तिनं पाहिली होती. मी सॉरी म्हणायला जिना चढलो, दार वाजवायची हिंमत झाली नाय. खाली आलो तर मामा ती अंडी कानटोपीत भरत होता. "बघ, कसली माया लावली म्हातारीनं!"

मला माझ्याच तोंडाची किळस आली.

परवा मामासंगं क्रांती चौकात चहाच्या टपरीवर बसलो होतो, तर दोस्त मागं लागले, युरोपची एखादी नक्कल कर म्हणून. मी म्हणलो, तिकडची एकबी येत नाय.

"व्हय रे? खोटं बोलतो!" मामा उठला. "ती लंगड्या आजीची लई भारी करतो हा. थांबा, मीच दाखवतो."

अन् त्यानं पाय ओढला. वाईट केली, तरी समदे हसले. मला चहा जाईना. चहालाबी अंड्याचा वास येत होता.