चार बोटं बारूद

माझ्या सासरी बंदूक मामाजी, म्हणजे माझे सासरे, चालवायचे आणि भरायच्या सासूबाई. हे सांगितलं की लोक हसतात, पण त्यामागे कारण होतं. मामाजींच्या तोंडातली बिडी कधी विझत नसे. स्वतःच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी बिडी ओढत ओढत नळीत बारूद ओतली आणि दोन्ही भुवया अन् अर्धी मिशी गमावून बसले. त्या दिवशी सासूबाईंनी बारुदीचा डबा आपल्या ताब्यात घेतला, तो मरेपर्यंत सोडला नाही. तीस वर्षं त्या भरत राहिल्या आणि मामाजी उडवत राहिले. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे हे सगळं मला ऐकूनच माहीत.

माझं माहेर जिल्ह्याच्या खालच्या टोकाचं, बीबी गावचं, आणि सासर पार वरच्या टोकाला, संग्रामपूरकडे. जिल्हा एकच, पण मी तोंड उघडलं की शेजारणी पदर तोंडाला लावायच्या. मीही मुळात फटकळ, त्यांच्या मले-तुलेची नक्कल करून फिटंफाट करून टाकायची. महाराष्ट्र होऊन नुकती कुठे चार वर्षं झाली होती. सातपुड्याचं रान आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला भिडलेलं. हरभरा घाट्यांवर आला की डोंगरातून रोही, म्हणजे नीलगायी, उतरायचे, त्यांच्यामागे रानडुकरं. पीक राखायला म्हणून सरकारने मामाजींना बंदुकीचा परवाना दिलेला होता, आणि आजूबाजूच्या पाच-सात शेतांची राखण त्यांच्याच जिवावर चालायची.

बंदूक ठासणीची होती. म्हणजे तोंडातून भरायची. आधी बारूद, मग काथ्याचा बोळा, त्यावर शिशाची गोळी, आणि लोखंडी गजाने सगळं ठासायचं. रिकाम्या नळीत गज टाकला तर त्याचं टोक बरोबर नळीच्या तोंडाशी यायचं. भरल्यावर गज जितका वर उरेल तितकं माप, आणि ते बोटं आडवी लावून मोजायचं. पाखरं उठवायची तर दोन बोटं, गोळी नाही. रोह्यालाही गोळी नाही. जनावर घोड्याएवढं, एका रात्रीत अर्धं शेत फस्त करायचं, पण ते गायीच्या जातीचं, म्हणून मामाजी तीन बोटांचा नुसता बार काढायचे आणि कळप डोंगरापर्यंत मागे वळून बघत नसे. डुकराला मात्र शिशाची एक गोळी आणि चार बोटं. हे माप गावात सगळ्यांना पाठ होतं.

सासूबाई गेल्या आणि बंदूक लागेनाशी झाली. मामाजी आता बिडी विझवून, चूळ भरून स्वतः भरायला बसत, पण दोन हंगामांत एक डुक्कर पडलं नाही. गोळी वरून जाऊन पळसाच्या झाडीत शिरायची आणि धक्क्याने मामाजींचा खांदा काळानिळा व्हायचा. त्यांनी खापर गोळीवर फोडलं. गोळ्या ओतून द्यायचे आमच्या गावातले कल्हईवाले चाचा. मामाजींनी त्यांच्याकडून आधी लहान गोळी करून घेतली, मग मोठी, मग फडक्यात गुंडाळून घट्ट बसणारी. चाचा वैतागले. साचा त्यांच्या वडिलांच्या हातचा, तीस वर्षं याच गोळीने डुकरं मेली, तेव्हा कुणी तक्रार केली नाही, असं त्यांनी सुनावलं आणि आठ दिवस आमच्या ओसरीवर चहाला आले नाहीत. कुणी म्हणालं नजर लागली. मामाजींनी बंदुकीला लिंबू बांधलं, मारुतीला नारळ फोडला. खोबरं आम्ही खाल्लं, डुकरांनी हरभरा खाल्ला.

शेवटी मामाजींनी एक वाक्य धरलं. पारावर बसलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ती गेली अन् माह्या बंदुकीचं यश घेऊन गेली." मला त्याचा राग यायचा. सासूबाईंना मी पाहिलंसुद्धा नव्हतं, पण मेलेल्या बाईच्या माथी काय वाटेल ते मारायचं, हे मला पटत नसे. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. मामाजी म्हणाले, तुले समजत नाई पोरी, आणि उठून गेले.

त्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण आलं. आमच्या घरधन्यांनी वडिलांना समजावलं की लागत नाही ती बंदूक कशाला ठेवायची, तहसीलात जमा करून टाकू. अर्जही लिहून आणला. मामाजींनी नाही म्हटलं नाही. फक्त त्या दिवसापासून ते अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायला लागले. पहाटे दारावर थाप पडायची, लोक त्यांना शेतात बोलवायचे, त्या थापेवर तो माणूस जगत होता. बंदूक गेली की थाप जाणार होती. मला फार वाईट वाटायचं.

अर्ज द्यायला तीन दिवस उरले असताना त्यांचा खांदा इतका सुजला की हात वर होईना. आमच्याच हरभऱ्यात डुकराचे ताजे खूर उमटले होते. तिन्हीसांजेला त्यांनी मला हाक मारली आणि बारुदीचा डबा पुढे सरकवला.

"चार बोटं ठेव, पोरी."

मी भरली. गज वर किती उरला ते माझी चार बोटं लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि दिली. पहाटे बंदूक उचलायलाही मीच त्यांच्याबरोबर गेले. उजाडता उजाडता डुक्कर धुऱ्याच्या खाली दिसलं, एकटंच, चांगलं सुळेवालं. मामाजींनी बंदूक धुऱ्याच्या दगडावर टेकवली आणि बार काढला. डुक्कर जागच्या जागी आडवं झालं. आम्ही दोघंही बराच वेळ तिथेच उभे राहिलो, कारण ते उठून पळेल असंच दोघांना वाटत होतं.

गावात आनंद झाला. खाणाऱ्यांनी वाटे नेले. सुनेचा पायगुण, असं मामाजी ज्याला त्याला सांगत सुटले आणि अर्धा दिवस मीही फुगून फिरले, खोटं कशाला बोलू. पण दुपारी भांडी घासताना माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. इतका दुखरा खांदा, आणि बार काढल्यावर मामाजींच्या तोंडून हाय निघाली नव्हती. पायगुणाने नेम लागेल एक वेळ, पण बंदुकीचा धक्का कसा कमी होईल?

दुसऱ्या दिवशी मी हट्टच धरला. बारूद फुकट घालवायची म्हणून मामाजी कुरकुरले, पण आले. चाचाही आले, त्यांना आपल्या गोळीची अब्रू राखायची होती. शेतात बाभळीच्या खोडावर कोहळं ठेवलं. मामाजींनी स्वतः भरून बार काढला. गोळी कोहळ्याच्या हातभर वरून गेली आणि ते खांदा धरून खाली बसले. मग तीच बंदूक, तीच बारूद, त्याच साच्यातली गोळी मी भरली. कोहळ्याच्या चिंधड्या झाल्या.

चाचांनी गज हातात घेतला आणि आम्हा दोघांना त्यावर बोटं लावायला सांगितली. मामाजींची चार बोटं म्हणजे नांगर धरून सुजल्यासारखी झालेली, जाड. त्यांची चार होती तिथवर पोचायला मला पाच बोटं लागली आणि वर थोडी जागा उरली, म्हणजे दर वेळी बारूद बोटभर जास्तच.

मी विचारलं, सासूबाईंचा हात कसा होता? आणि विचारता विचारताच मला आठवलं, लग्नात त्यांच्या बांगड्या मला चढवायला काढल्या होत्या, त्या माझ्या मुठीवरूनसुद्धा गेल्या नव्हत्या.

चाचा मोठ्याने हसले आणि मग त्यांनी गज खाली ठेवला. मामाजी धुऱ्यावर मान खाली घालून बसले होते. मोठा माणूस रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

"ती कायीच घेऊन नाई गेली," ते म्हणाले. "मीच जास्त भरत राह्यलो. अन् दोन साल पारावर बसून तिचं नाव घेत राह्यलो."

घरी आल्यावर आमच्या घरधन्यांनी कानस काढली. माझ्या चार बोटांवर गजाला खूण करून ठेवू, म्हणजे कुणीही भरू शकेल, असं त्यांचं म्हणणं. शहाणपणाची गोष्ट होती. मामाजींनी त्यांच्या हातातून गज काढून घेतला.

"खूण नाई कराची," ते म्हणाले. "खूण केली त मंग भरणाऱ्याले कोणी इचारत नाई. मी तीस साल नाई इचारलं."

गज आणि डबा त्यांनी माझ्याकडे दिला आणि परवाना लेकाच्या हातात, नूतनीकरण करून आण म्हणून. तहसीलाचा अर्ज चुलीत गेला, तो मीच घातला आणि मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी मी विहिरीवर निघाले होते. पारावर दहा-बारा माणसं बसली होती आणि मामाजी उभे होते. पारावर ते कधी उभं राहून बोलत नसत. मी घागर घेऊन थांबले. ते सांगत होते, "माह्या बंदुकीनं जेवढी डुकरं पडली ना, त्यातला अर्धा नेम तिचा होता."

कुणीतरी हसलं, थट्टा वाटली असेल. मामाजी त्याच्याकडे वळले आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं बोलले.