मला आजाऱ्यांना बघायला पाठवलं

"वाटेत खाऊ नकोस हं. ज्याचं त्याला पोचव."

सफरचंदांची पिशवी माझ्या हातात देताना मॅडम असं म्हणाल्या. ऑफिस भरलेलं होतं. अकाउंटवाले हसले. मॅनेजर साहेब हसले. मीही हसले. अशा वेळी न हसताही राहता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी बी.कॉम. झालेली बाई. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. वडील लासूर स्टेशनच्या बाजारात हमाल. आयुष्यभर पाठीवर कांद्याची पोती. चिकलठाण्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मला ऑफिसची नोकरी लागली, त्या दिवशी वडिलांनी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. आई शेजारणीला म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर पंखा आला."

ती नोकरी मॅडमनी दिली होती. मॅडम म्हणजे मालकाच्या पत्नी. ऑफिस त्याच बघायच्या. "तू आमच्या घरच्यासारखी," म्हणायच्या. मला ते खरं वाटायचं. त्यांच्यासाठी मी सणाच्या दिवशीसुद्धा यायची. आजारपणाची एक रजा कधी घेतली नाही. उपकार फेडायचे तर असेच फेडतात, असं माझं मत होतं.

मग कंपनी बुडायला लागली. मोठं गिऱ्हाईक गेलं. पगार तुटक तुटक व्हायला लागला. बँकेची माणसं येऊन मशिनींचे फोटो काढून गेली. दिवाळं निघणार, हे कारखान्यात सगळ्यांना कळलं. आणि माणसं आजारी पडायला लागली. कुणाची कंबर, कुणाचा ताप, कुणाची चक्कर. वर्षानुवर्षं शिल्लक पडलेली आजारपणाची रजा लोक काढायला लागले. कंपनी बुडाली की रजाही बुडणार होती. कॅन्टीनमध्ये एकजण सरळ म्हणाला, "दिवाळं निघाल्यावर ही रजा काय चुलीत घालायची का?"

तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "आपली माणसं आजारी आहेत गं. कुणी बघायला जायला नको का? फळं घेऊन जा, विचारपूस कर. तुमच्या त्या वस्त्यांमध्ये आमच्यातलं कुणी जाऊ शकत नाही. तुला काय, आपलंच घर."

शेवटचं वाक्य टोचलं. पण माणसं आजारी पडली की बघायला जायचं, हे आमच्याकडं लहानपणापासून शिकवतात. दुश्मनाच्या घरीसुद्धा जायचं. मला वाटलं, कंपनी संकटात आहे तरी मॅडमना लोकांची आठवण आहे. मी पिशवी घेतली आणि निघाले.

आधी ताराबाईकडं गेले. त्या पुठ्ठ्याला खळ लावायच्या. मुकुंदवाडीत एका खोलीत राहायच्या, नवरा वारलेला, लेक नांदायला गेलेली. मी गेले तेव्हा त्या दारात हंडा भरत होत्या. डोळे लाल. पदर डोक्याला घट्ट बांधलेला.

"ताराबाई, अहो ताप आहे ना तुम्हाला?"

"हाय ना. पण आठ दिवसांनी पाणी आलंय. ताप हाय म्हणून नळाला थांब म्हणू का?"

मी त्यांच्या हातातून हंडा घेतला. हात लागला तर हात भाजत होता. बाकीचं पाणी मी भरलं. सफरचंदं बघून त्या भिंतीला टेकून हसल्या. "आं? कंपनीनं धाडली? मरायला टेकल्यावर माया सुटली म्हणायची."

ऑफिसात येऊन मी मॅडमना सांगितलं, "ताराबाईंना खूप ताप आहे. तशातही बिचाऱ्या पाणी भरत होत्या."

"पाणी भरत होती? बरं." एवढंच म्हणाल्या. वाटलं, आता दवाखान्याचं काहीतरी करतील.

पुढच्या आठवड्यात दुसरी पिशवी मिळाली. ती सलीमभाईंची. कटिंग मशीनवरचे जुने कारागीर. घर शहागंजच्या मागं. घराला कुलूप. शेजाऱ्यानं बोट दाखवलं, तिकडं बाजारात बघा. गेले. सलीमभाई मेव्हण्याच्या हातगाडीवर उभं राहून केळी विकत होते. मी सफरचंदांची पिशवी घेऊन समोर उभी. फळवाल्याला फळं द्यायला आलेली.

ते आधी पोट धरून हसले. मग पिशवीकडं बोट केलं. म्हणाले, "बेटी, तू मरीज देखने कू आई, की चोर पकडने कू?"

मला कळलं नाही.

"तारा का क्या हुआ, मालूम है? तिला नोटीस दिली. आजार खोटा म्हणे, हंडे उचलत होती. खोटी रजा ठरली की कामावरून काढायचं. असं काढलेल्या माणसाला कंपनी बंद होताना काही द्यावं लागत नाही. समझी? आम्ही सगळे असेच निघणार एक एक करके."

"पण मी तर सांगितलं होतं, खूप ताप आहे म्हणून."

"वो आधा फेंक दिया उन्होंने."

मी तिथंच, गाड्यांच्या गर्दीत उभी राहिले. विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही तर बरे दिसता."

त्यांनी लाजल्यासारखं केलं नाही. "बेटी, जिंदगीभर बुखार में मशीन चलाया. पगार कटता, साहब चिल्लाते, मैं खडा रहा. तब का बुखार अब उतार रा मैं." मग माझ्या पिशवीत चार केळी टाकली. "ये मॅडम कू दे. बोल, मरीज ने भेजे."

केळी मी दिली नाहीत. ऑफिसातही गेले नाही त्या दिवशी. खोलीवर जाऊन बसले. एक एक गोष्ट आठवत गेली. मागच्या महिन्यात मॅनेजर साहेबही आजारी पडले होते. पुण्याला दुसऱ्या कंपनीत मुलाखत देऊन आले, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक. ते परत आले तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "बरं आहे ना आता? जपा हं." त्यांच्या सिडकोतल्या घरी कुणी सफरचंदं नेली नव्हती. तिथं जाणं अवघड होतं म्हणून नव्हे. तिथं शंकाच नव्हती. शंका फक्त आमच्या दारात येते. आणि ती आत यावी म्हणून आमच्यातलंच माणूस लागतं. शिकलेलं, उपकाराखाली वाकलेलं. त्यासाठी मला पंख्याखाली बसवलं होतं.

ताराबाईंची चौकशी ऑफिसात झाली. त्यांना उभं ठेवलं होतं. ताप गेला होता, पण खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. मॅडम, मॅनेजर साहेब, कंपनीचे वकील बसलेले. मला बोलावलं.

मॅडम म्हणाल्या, "तू गेलीस तेव्हा ही हंडे उचलत होती की नाही? हो की नाही, तेवढंच सांग."

"ताप होता मॅडम. हात भाजत होता."

"ते विचारलं नाही. तू काय डॉक्टर आहेस? हो की नाही?"

"हो की नाहीमध्ये ते बसत नाही. ताप होता आणि पाणीही भरत होत्या. दोन्ही लिहा. एकच लिहिणार असाल तर मी सांगणार नाही."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. आता माझं तोंड थांबत नव्हतं. मी विचारलं, "मॅनेजर साहेब आजारी होते तेव्हा त्यांच्या घरी कुणाला पाठवलं होतं?"

साहेब मोबाइलमध्ये बघायला लागले.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "कुणाशी बोलतेस? पोत्याखालून उचलून आणलं तुला. खुर्ची दिली. शेवटी आपल्या लोकांवरच गेलीस."

"व्हय," मी म्हटलं. "गेले."

ताराबाईंनी माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मला गेटवरच थांबवलं. माझा डबा आणि छत्री वॉचमननं आणून दिली. पुढं काही महिन्यांनी कारखान्यालाही कुलूप लागलं. ताराबाईंना त्याआधीच काढलं होतं, खोटं आजारपण दाखवलं म्हणून.

मी लासूरला गेले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, ज्यांनी घास दिला त्यांच्याशी असं वागू नये."

"आबा, घास दिला नाही त्यांनी. काम घेतलं आणि पगार दिला. तुम्ही पोती वाहिली, तो उपकार होता का अडत्याचा?"

ते उठून बाहेर गेले. त्यांना पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

ताराबाईंचा दावा आता कामगार कोर्टात आहे. मी त्यांची साक्षीदार. नातेवाईक म्हणतात, कशाला पडतेस, चिकलठाण्यात कुणी दारात उभं करणार नाही. खरं आहे, दोन ठिकाणी मुलाखत चांगली झाली आणि मॅडमना एक फोन गेल्यावर नकार आला. ताराबाईंचे वकील म्हणाले, उलटतपासणीत तुझी जात, तुझी नोकरी गेल्याचा राग, सगळं काढतील. सलीमभाई आजारी होते का, तेही विचारतील.

विचारू द्या. सलीमभाई आजारी नव्हते, हे मी सांगणार. आणि ती रजा त्यांची होती, ताप अंगावर काढून कमावलेली, हेही सांगणार. माझी जात काढली तर तीही सांगणार, तोंड भरून. राग आहे का विचारलं तर सांगणार, आहे. बसायला सांगितलं तरी सगळं बोलून होईपर्यंत मी बसणार नाही.